उतारबाई

पहाटे साडेतीनला तिचा दिवस सुरू झाला, आणि सुरू झाला तो घाव घालूनच. तंबूमागच्या उतारावरचा बर्फ रात्रीत दगडासारखा झाला होता. कुऱ्हाड हाणावी तेव्हा मुठीएवढा तुकडा निघे. अकरा माणसांच्या पाण्याला दोन पोती बर्फ लागे आणि एका पोत्याला दोनशे घाव. ती मोजत असे. साडेपाच हजार मीटरवर दोनशे घाव म्हणजे खालचे सहाशे. मध्ये थांबलं की घाम गोठतो, म्हणून थांबायचं नाही. दुसरं पोतं भरलं तेव्हा तिच्या बोटांची पेरं फुटून रक्त आलं होतं. तिने ते पॅंटला पुसलं आणि स्टोव्ह पेटवायला घेतला.

तिला सगळे उतारबाई म्हणत. शाळा-कॉलेजातल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना मोठ्या डोंगरावर नेऊन आणणारी एक कंपनी होती. तिच्या प्रत्येक तुकडीत लीडर असे, त्याच्या हाताखाली एक मदतनीस असे आणि सगळ्यांच्या मागे ही असे. मुलं शिखरावर जात, फोटो काढत, प्रमाणपत्र घेऊन घरी जात. ज्याला वरची विरळ हवा सोसत नसे त्याला घेऊन ही खाली येई. एकोणीस वर्षं तिने हे काम केलं आणि शिखर एकदाही पाहिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला उतरायचा पगार मिळतो. चढणं फुकट आहे."

हे काम दिसायला सोपं होतं. पण त्या उंचीवर कधी कधी माणसाच्या मेंदूला सूज येते, आणि सूज आलेल्या माणसाला ती आलीय हे कळत नाही. तो चिडतो, शिव्या देतो, बसून घेतो, कपडे काढतो, मारायला धावतो. त्याच्यावर औषध एकच, लवकर खाली नेणं. आणि तेच त्याला नको असतं.

उतारबाईच्या उजव्या दंडावर दातांचे व्रण होते. डाव्या हाताची करंगळी एका पोराने पिरगाळल्यापासून सरळ होत नव्हती. नाक दोनदा मोडलं होतं. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "लोक पोरांना मारून तुरुंगात जातात. आमची बाई त्याचा पगार घेते."

मारायचं ती आपोआप शिकली नव्हती. आधी तेरा वर्षं ती ओझ्याची खेचरं हाकायची आणि बर्फात बसलेलं खेचर गोंजारून उठत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण माणसांच्या कामात पडल्यावर, दुसऱ्याच वर्षी, मुलांबरोबर आलेले एक मास्तर घळीच्या वर दगडावर बसले. हातमोजे काढले आणि म्हणाले, एवढ्या वह्या तपासून येतो. तिने अडीच तास विनवलं. सर, उठा ना. सर, थोडंच राहिलंय. सर, मुलं वाट बघताहेत. शिकलेला माणूस, त्यातून मास्तर, त्याच्यावर हात कसा उचलायचा? दुपारी सर आडवे झाले ते झालेच. एकाहत्तर किलो वजन तिघांनी मिळून खाली आणलं. त्या दिवसानंतर तिने स्वतःपुरता नियम केला. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगायचं, तिसऱ्यांदा हात.

या तुकडीत आठ मुलं होती आणि त्यांतल्या सोळा वर्षांच्या एका मुलीचं नाव पहिल्याच दिवशी भिंगरी पडलं. ती जिम्नॅस्टिक्स करायची, अरुंद लाकडी बीमवरच्या कसरती. तळावर सामान उतरवताना तिने मोकळ्या जागेत हातांवर चालून दाखवलं आणि सगळ्यांना आपलंसं केलं. उतारबाईला ती मावशी म्हणायची. मावशीला तिने आपल्या कोचची नक्कलही करून दाखवली होती. छाती काढून, एक भुवई वर चढवून, जाड आवाजात, "बीमवर आहेस, बाजारात नाही! पोट आत! हनुवटी वर! हात बाजूला! चल!"

"मारतात का गं?" उतारबाईने विचारलं होतं.

"मारत नाहीत. पण असं ओरडले की पाय आपोआप चालतात."

दुसऱ्या तळावर रोज संध्याकाळी आणि सकाळी परीक्षा असे. बर्फावर वीस पावलांची दोरी सरळ टाकायची. टाचेला चवडा लावत तिच्यावरून जायचं आणि परत यायचं. सूज यायला लागली की आधी तोल जातो. जो डगमगला तो खाली. परीक्षा उतारबाई घ्यायची आणि वहीत खूणही तीच करायची. एकोणीस वर्षांत दोरीने तिला कधी दगा दिला नव्हता.

भिंगरी संध्याकाळी दोरीवरून गेली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. टोकाला जाऊन तिने एका पायावर गिरकी घेतली. मागून एक लठ्ठ मुलगा आला. त्याला सगळे ढेप म्हणत. तो तीनदा दोरीबाहेर पडला.

"ढेप, तू उद्या माझ्याबरोबर," उतारबाई म्हणाली.

"मावशी, मी घरीपण असाच चालतो. आईला विचारा."

सगळे हसले. त्याला पुन्हा चालवलं, तो जेमतेम पास झाला.

त्या पहाटे चहा देताना मात्र तिला काहीतरी खटकलं. भिंगरीच्या हातात वाफाळता कप होता आणि ती म्हणाली, "मावशी, माझा चहा?"

उतारबाई लीडरकडे गेली. तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान होता आणि त्या वेळी दोरीत अडकवायच्या कड्या मोजत होता.

"भिंगरीला थांबवू या."

"का?"

"हातात कप असताना चहा मागितला."

"पहाटे साडेचारला मीही मागतो. दोरी घेतलीत का?"

तिने दोरी टाकली. भिंगरी गेली आणि आली. बोटभरही इकडेतिकडे नाही. विजेरीच्या उजेडात उतारबाईने तिचे पाय पाहिले आणि वहीत खूण केली. ठीक.

पाचला सगळे निघाले. चार-चार मुलांच्या दोन दोऱ्या, एकीपुढे लीडर, दुसरीपुढे मदतनीस, आणि शेवटी मोकळी उतारबाई. सव्वासहाला, उजाडल्यावर, पुढची दोरी थांबली. भिंगरीने आपली कडी सोडली होती. ती जाकीट काढत होती. तिच्या मागे ढेप होता. तो म्हणाला, "अगं, काय करतेस?" आणि तिने वळून हातातली बर्फाची कुऱ्हाड फिरवली.

घाव गालावर बसला. कानापासून ओठापर्यंत चामडी उघडली. ढेप ओरडला नाही, नुसता खाली बसला आणि बर्फावर लाल सडा पडला. भिंगरीने पुन्हा कुऱ्हाड उचलली.

"माझे बूट चोरतोय," ती शांतपणे म्हणाली. "रोज चोरतो."

उतारबाई खालून धावत आली. साडेपाच हजारांच्या वर कोणी धावत नाही. ती वीस पावलं धावली आणि डोळ्यांपुढे काळं झालं, तरी तिने मुलीच्या गुडघ्यांवर अंग टाकलं. दोघी खाली कोसळल्या. कुऱ्हाडीचा दांडा उतारबाईच्या बरगड्यांत बसला. तिने मनगट पिरगाळून कुऱ्हाड सोडवली, मुलीच्या छातीवर बसली आणि लीडरला म्हणाली, "इंजेक्शन."

सूज उतरवायचं एक इंजेक्शन लीडरकडे असे. त्याला सुईचं टोपणच निघेना. तिने ते त्याच्याकडून घेतलं आणि पॅंटवरूनच मुलीच्या मांडीत खुपसलं. भिंगरी तिच्या तोंडावर थुंकली.

"दोरीवर तर नीट चालली," लीडर पुटपुटला. "दोनदा."

तेव्हा उतारबाईच्या लक्षात आलं. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून वीतभरही रुंद नसलेल्या लाकडावर चालते आहे. डोकं निम्मं गेलं तरी ते पाय चालणारच. आपण पायांना विचारलं. डोक्याला विचारायचं राहिलं. सूज कालपासूनच असणार. म्हणजे अर्धा दिवस आणि एक रात्र फुकट गेली.

भिंगरीला मध्ये धरून ते सव्वासातला तळावर परत आले. मदतनीस ढेपच्या गालावर पट्टी दाबून बसला. बाकीची मुलं रडत होती, एक ओकत होता. वारा वाढला होता.

"तासभर थांबा, उतारबाई. ढेपचं रक्त थांबलं की सगळे एकत्र उतरू," लीडर म्हणाला.

"हिच्याकडे तास नाही."

"एकट्या कशा नेणार? ती ऐकत नाहीये."

"ऐकायला कोण सांगतंय?"

"घळीत ऊन येईल नऊला. दगड सुटतील."

"म्हणून तर बोलत बसू नकोस. त्या सात पोरांना तुम्ही दोघं लागता. हिला मी लागते."

तिने आधी भिंगरीच्या बुटांचे लोखंडी काटे काढले. लाथ बसली तर पोट फाटेल. मग आठ मीटर दोरीने तिला आपल्याशी बांधलं आणि निघाली.

पहिली दोनशे पावलं मुलगी चालली. मग बसली.

"ऊठ."

"कोचला बोलवा."

"ऊठ, बाळा."

"तू कोण गं मला सांगणारी, भांडीवाली?"

तिसऱ्यांदा हात. कानाखाली अशी बसली की भिंगरीची टोपी उडाली. ती उठली, पन्नास पावलं चालली, पुन्हा बसली. असं किती वेळा झालं त्याला गणती नाही. उतारबाईचा तळहात बधिर झाला तेव्हा ती मुठीने मारायला लागली. बखोट धरून ओढलं, पट्टा धरून फरफटलं. उतार तीव्र होता तिथे मुलीला पाठीवर आडवी पाडून दोरीने सोडलं, आठ मीटर, मग स्वतः उतरायचं, पुन्हा आठ मीटर. मुलीच्या कपाळाला खोक पडली. हनुवटी खरचटली. एकदा ती इतकी केविलवाणी रडली, आई आई करून, की उतारबाईचा उचललेला हात तसाच राहिला. मग तिने तो खाली आणला, जिथे आणायचा होता तिथेच.

घळीला त्या नऊला पोचल्या. पोचायला हवं होतं साडेआठला. वरच्या कड्यावर ऊन आलं होतं. घळ चाळीस पावलं रुंद, आणि ती ओलांडल्यावाचून खाली वाट नाही. पहिला दगड टरबुजाएवढा होता. तो शिट्टी वाजवत गेला आणि खाली फुटला. उतारबाईने मुलीला पुढे घातलं आणि मागून ढकलत निघाली. बरोबर मध्यावर भिंगरीने पाय रोवले.

"मी इथेच झोपते," ती म्हणाली आणि आडवी झाली.

सांगायला वेळ नव्हता. उतारबाई वाकली, दोन्ही काखांत हात घालून उचलायला गेली, आणि भिंगरीने झोपल्या झोपल्या दोन्ही पाय एकदम झाडले. दहा वर्षांच्या मेहनतीचे पाय. टाच थेट तोंडावर आली. उतारबाईला कडकन आवाज आला तो आधी दगडाचाच वाटला. मग तोंडात मीठ आणि खडे आले. तिने थुंकलं. बर्फावर पुढचे दोन दात पडले.

वर काहीतरी सुटलं. या वेळी एक दगड नव्हता, खूप होते. तिने मुलीला पालथी केली, पाठीवर गुडघा दिला, हात मागे बांधले. खेचरावर ओझं आवळायची गाठ, तीस वर्षं हातात मुरलेली. पट्ट्याला धरून तिला पोत्यासारखी खेचत ती मागे मागे गेली, वीस पावलं. एक दगड तिच्या खांद्याला चाटून गेला आणि जाकिटातला कापूस बाहेर आला. दुसरा भिंगरीच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला. पलीकडच्या कपारीत त्या घुसल्या आणि मागे घळ गडगडत वाहू लागली.

पुढे धार होती. दीड फूट रुंद, तीसेक पावलं लांब, कोरडा खडक, दोन्ही बाजूंना उभा कडा. कडेने कायमची दोरी ठोकलेली होती, पण एका वेळी एकाच माणसाला जागा. तिथे ओढता येत नाही. उचलून नेता येत नाही. मारता तर मुळीच येत नाही, एक झटका बसला की दोघी खाली. आणि भिंगरी आता लढतही नव्हती. ती भिंतीला टेकून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ओठ हलवत होती, आणि ते तिच्या मारण्यापेक्षा वाईट होतं.

उतारबाई तिच्याकडे बघत बसली. सवादहा झाले होते. मग तिने मुलीचे हात सोडले. तिची कडी ठोकलेल्या दोरीत अडकवली, आपली अडकवली. हातांची सुटलेली दोरी परीक्षेत टाकायची तशी धारेच्या मध्यावरून सरळ पुढे फेकली. उभी राहिली, छाती काढली आणि फुटलेल्या तोंडाने, जाड आवाजात, जिवाच्या आकांताने ओरडली.

"बीमवर आहेस, बाजारात नाही! ऊठ!"

भिंगरीचे डोळे उघडले.

"पोट आत! हनुवटी वर!"

मुलगी उठली. कशी उठली कोण जाणे, पण गुडघ्यांवरून एका दमात उठली.

"हात बाजूला! चल!"

तिने हात पसरले. पायाचा अंगठा आधी टेकवत, मग टाच, भिंगरी धारेवर निघाली. खाली आठशे फूट काही नाही. वारा तिचे केस उडवत होता. उतारबाई मागून दोघींमधली दोरी हातात घेऊन चालत होती आणि प्रत्येक पावलाला ओरडत होती. ओरडताना तोंडातून रक्ताचे शिंतोडे मुलीच्या पाठीवर उडत होते. विसाव्या पावलाला भिंगरी थांबली, डोलली.

"कोणी थांबायला सांगितलं? मी सांगितलं? चल!"

ती चालली. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर तिने दोन्ही पाय जुळवले, हात वर केले आणि तशीच तोंडावर पडली.

तिथून पुढे उतारबाईने तिला पाठीवर घेतलं. मुलगी अठ्ठेचाळीस किलो, ही चोपन्न. ओझं दोरीने कपाळाला बांधून, शंभर पावलं चालायचं, काठीवर ओझं टेकवायचं, तीस श्वास घ्यायचे, पुन्हा शंभर. साडेबाराला पहिला तळ आला. तिथे प्राणवायूचं एक छोटं नळकांडं ठेवलेलं होतं. त्याची नळी मुलीच्या नाकाला लावली आणि मिनिटभर स्वतःलाही लावावीशी वाटली, पण नाही लावली. संध्याकाळी साडेपाचला ती खालच्या तळावर पोचली आणि ओझं न सोडताच गुडघ्यांवर बसली. मोटार उभी होती. रात्री आठपर्यंत दोघी रस्त्याकाठच्या छोट्या दवाखान्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी ओकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या तोंडाला काय झालं?"

"पडले."

"मलाही पडल्यासारखं वाटतंय सगळीकडे."

"तू जास्त पडलीस."

बाकीची मुलंही तोवर खाली पोचली होती. ढेपच्या गालाला चौदा टाके पडले आणि तो डॉक्टरला विचारत होता की व्रण राहील ना नक्की.

दुपारी भिंगरीचे वडील आले. त्यांनी मुलीचा काळानिळा डोळा पाहिला, कपाळावरची खोक पाहिली, मनगटांवरचे दोरीचे वळ पाहिले. बाहेर येऊन बाकावर बसलेल्यांना विचारलं, "कोणी मारलं हिला?"

"मी," उतारबाई म्हणाली.

त्यांनी तिच्या तोंडात मारली. आधीच सुजलेल्या गालावर, पूर्ण ताकदीने. ती बाकावरून घसरली. शेजारचा एक दात हलायला लागला तो तेव्हापासून. नर्स धावली. उतारबाई भिंतीला धरून उठली.

"झालं? आता आत जा. ती तुम्हाला विचारतेय."

महिन्याभराने कंपनीच्या ऑफिसात चौकशी झाली. वडिलांनी फोटो पाठवले होते. डॉक्टरचा कागदही होता, आणखी दोन तास वर राहिली असती तर मुलगी गेली असती असा. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवले होते आणि कशाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

"मारहाण केलीत?"

"केली."

"किती वेळा?"

"बर्फ फोडताना मोजते. हे मोजायचं सुचलं नाही."

"त्याबद्दल खेद आहे?"

"त्याबद्दल नाही. दोरीची परीक्षा मी घेतली. दोनदा. बीमवर चालणाऱ्या पोरीला दोरीवर चालवून मी ठीक लिहिलं. तिथं माझं चुकलं. हातात कप असताना ती चहा मागत होती, ते मी पाहिलं आणि दोरीचं ऐकलं. हे लिहा."

साहेबांनी ते लिहिलं नाही. तक्रारीत तो मुद्दा नव्हता.

बाहेर जिन्यावर लीडर उभा होता. "वर न्यायचं मी ठरवलं होतं," तो म्हणाला.

"मग मला काय सांगतोस? आत जा."

तो गेला. काय बोलला ते तिने विचारलं नाही. पण पुढच्या वर्षीपासून परीक्षेत दोरीबरोबर शंभरातून सात-सात उलटे वजा करायला लावू लागले, असं कोणीतरी तिला सांगितलं. तिला मात्र बोलावणं आलं नाही. त्या हंगामाचा पगार पूर्ण दिला आणि विश्रांती घ्या म्हणाले.

तो पगार घेऊन ती दातांच्या डॉक्टरकडे गेली.

"कशाने पडले?" डॉक्टरने विचारलं.

"मुलीने लाथ मारली."

"तुमची मुलगी?"

"कामातली."

डॉक्टरने आरशाने हिरड्या तपासल्या. काढता-घालता येणारे दात स्वस्त पडतील म्हणाला. तिने पक्के बसवायला सांगितले. चार खेपा झाल्या. पगार दोन दातांना पुरला. तिसऱ्याला, तो हलणाऱ्याला, उरलं नाही. तो तिने घरीच पक्कडीने काढला. नवरा विजेरी धरून उभा होता, पण बघत होता खिडकीबाहेर.